टेंभरखेड फाट्यावरचा दगड

इंदूबाई ओसरीवर तुरी पाखडत होत्या. नरहरराव दारात येऊन उभे राहिले, तसा त्यांचा सुपावरचा हात थांबला. तहसीलीतून निवृत्त झालेले नरहरराव म्हणजे गावातलं वजनदार माणूस. चाळीस वर्षांत ते या बौद्धवस्तीत फिरकले नव्हते. आज मात्र खाटेवर बसले आणि मैत्रेयीनं दिलेला चहा पार संपवला.

"इंदूबाई, देवरावांच्या नावाचा दगड बसवतोय आम्ही. पांढरकवड्याच्या रस्त्यावर, आपल्या फाट्याला. रविवारी अनावरण तुमच्याच हातानं."

नात मैत्रेयी हरखली. इंदूबाईंच्या मनात मात्र काहीतरी खटकलं. देवराव त्यांचे पती. अठ्ठ्याऐंशी साली त्यांनी आपल्या आईचं प्रेत गावच्या स्मशानात नेलं, तेव्हा याच गावानं त्यांना काठ्यांनी झोडपलं होतं. एक पाय कायमचा अधू झाला. तरी दोन वर्षं कचेरीचे खेटे घालून त्यांनी 'सर्वांना एकच स्मशान' असा हुकूम मिळवला. नऊ वर्षांपूर्वी त्यांचीही चिता तिथेच पेटली.

"दगड स्मशानापाशी काहून नाही?" इंदूबाईंनी विचारलं. "भांडन तर तिथलंच होतं."

"फाट्यावर येणारे-जाणारे वाचतील ना!" नरहरराव हसले आणि लगबगीनं उठले.

"आजी, तुले साऱ्याइचाच संशय येते," मैत्रेयी म्हणाली.

"येते, बाई. आपल्या घरचं पानी न पेनारा मानूस आज कप रिकामा करून गेला. चाल, पाहून येऊ."

फाट्यावर दगड ताडपत्रीखाली होता. गवंडी जेवायला गेला होता. मैत्रेयीनं ताडपत्री उचलून वाचायला सुरुवात केली, "कालकथित देवरावजी, समतेचे लढवय्ये..." 'स्वर्गीय' नव्हे, बौद्ध लिहितात तसं 'कालकथित'. कुणीतरी विचारून-विचारून लिहिलं होतं. इंदूबाईंना त्या नेमकेपणाचीच भीती वाटली. तेवढ्यात मैत्रेयीचा आवाज अडखळला. खाली एक बाण कोरला होता : 'देवराव स्मृती दहनभूमी, बौद्ध समाजाकरिता'. बाणाच्या दिशेला, नाल्यापलीकडच्या पडीत जमिनीवर टिनाचं नवं शेड चमकत होतं.

रविवारी मांडव भरला. नरहररावांनी कात्री पुढे केली. इंदूबाईंनी ती घेतली नाही.

"सासूचं प्रेत चार तास पावसात ठेवलं होतं तुमी. त्याच्यापायी ह्यांचा पाय गेला. आता त्याइच्याच नावानं आमाले नाल्यापार धाडता?"

"अहो, तुमच्याच सोयीसाठी केलंय. पाण्याची टाकी आहे, बसायला ओटा आहे..."

"मंग तुमी जा तिकडं. आमी कायले जाऊ?"

इंदूबाई व्यासपीठावरून खाली उतरल्या. त्यांच्यामागून वस्तीतली सगळी माणसं उठली.

पुढच्याच महिन्यात शेजारच्या कांताबाई गेल्या. तिरडी उचलली, तेव्हा इंदूबाई सर्वांच्या पुढे झाल्या. फाट्यावर वीस-पंचवीस माणसं गावच्या स्मशानाची वाट अडवून उभी होती. नरहररावांनी बाणाकडे बोट दाखवलं. इंदूबाईंनी तिकडे पाहिलंही नाही. त्या सरळ त्यांच्या अंगावर चालत गेल्या, मागे मैत्रेयी, तिच्यामागे वस्तीतल्या बाया, मग तिरडी. सत्तरी ओलांडलेल्या बाईला हात लावायचा कुणी, याच विचारात ती माणसं एकमेकांकडे पाहत राहिली. मग एक जण बाजूला सरकला. त्याच्यामागून दुसरा.

कांताबाईंची चिता गावच्या स्मशानात पेटली. वाट सोडणाऱ्यांपैकी एकही माणूस तिथवर आला नाही.