तीन किलो सातशे

घरच्या काट्यावर माझी बॅग आठ किलो चारशे ग्रॅम भरली. खात्रीसाठी दोनदा वजन केलं. त्यात सव्वा लिटर पाणी होतं, जेवणाचा डबा होता, जाड स्वेटर होता आणि निव्वळ सवयीने घेतलेली नमुन्याची एक रिकामी बाटलीही होती.

मी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. दीड वर्षापूर्वीपर्यंत माझं काम बाहेरचं होतं. झरे, विहिरी, ओढे पायी गाठायचे आणि नमुने आणायचे. मग उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग काढावा लागला. तेव्हापासून मी खुर्चीत बसून, दुसऱ्यांनी आणलेल्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या वहीशी ताडून बघते. डॉक्टर म्हणतात, आता डोंगर चढायलाही हरकत नाही. आमचे साहेब म्हणतात, खुर्ची कायमची घ्या, जिवाला त्रास कशाला. सोमवारी त्यांना उत्तर द्यायचं होतं.

शिखराखालच्या निवाऱ्यापर्यंत पाच तास लागतात, असं वाटाड्या पुस्तकात लिहिलं होतं. पाच तासांत पोहोचले तर बाहेरचं काम परत मागायचं, नाही तर खुर्ची घ्यायची, एवढं मी मनाशी पक्कं केलं. कोणाला सांगितलं नाही.

बरोबर कॉलेजमधले दोघं होते. एक दातांची डॉक्टर. तिला आम्ही पक्कड म्हणतो. दुसरा शाळेत भूगोल शिकवतो, तो मास्तर. ते दोघं मला मिलिग्रॅम म्हणतात. आदल्या संध्याकाळी तिघांच्याही बॅगा मास्तरच्या गाडीच्या डिकीत ठेवल्या होत्या. सकाळी पायथ्याशी मी माझी बॅग उचलली तेव्हाच ती जड लागली. दीड वर्षात आपल्या खांद्यांचं काय झालंय ते बघ, असं मी स्वतःला म्हटलं.

नऊला निघालो. पहिल्या तासात साठ पावलं टाकून थांबत होते. मग चाळीस. झाडं संपली आणि नुसता मुरूम लागला, तेव्हा पंचवीस. घशाशी धातूची चव आली होती.

"मिलिग्रॅम, फोटो काढतेयस का?" वरून पक्कडने विचारलं.

"हो," मी म्हटलं. फोन बॅगेच्या तळाशी होता.

निवाऱ्यावर पोहोचलो तेव्हा तीन वाजून चाळीस मिनिटं झाली होती. सहा तास चाळीस मिनिटं. मी दगडी कट्ट्यावर बसले, पाण्याचा शेवटचा घोट घेतला आणि श्वास जागेवर आल्यावर म्हटलं, "उद्या तुम्ही दोघंच जा वर. मी इथे थांबते."

मास्तर बुटाची नाडी सोडत होता, तो तसाच थांबला. पक्कड माझ्याजवळ येऊन बसली. "दुखतंय कुठे?"

"नाही. जमत नाहीये, एवढंच."

तेवढ्यात निवारा सांभाळणारे काका बाहेर आले. दाराच्या चौकटीला त्यांनी एक स्प्रिंगचा काटा टांगला होता.

"बॅगा अडकवा एकेक. दहाच्या वर असेल तर वर न्यायची नाही, जास्तीचं सामान इथे ठेवायचं."

"मी वर जाणार नाहीये, काका."

"नका जाऊ. वजन सगळ्यांचं होतं."

पक्कडची बॅग सात किलो. मास्तरची साडेसात. माझी अडकवली तर काटा दहा किलो सहाशेवर थांबला.

पाणी संपलं होतं, डबा संपला होता. सात किलोच्या आत असायला हवी होती.

"काटा चुकतोय," मी म्हटलं.

"तीस वर्षं चुकला नाही तो," काका म्हणाले.

मी माझी लिटरची बाटली नळावर काठोकाठ भरली आणि आकड्याला टांगली. पाणी एक किलो, बाटली शंभर ग्रॅम. काट्याने एक किलो शंभर दाखवलं.

"झालं समाधान?" काकांनी विचारलं.

बॅगेला खाली वेगळी चेन असलेला एक कप्पा आहे. झोपायची पिशवी ठेवण्यासाठी असतो. निवाऱ्यात पांघरुणं मिळतात, म्हणून मी तो रिकामा सोडला होता. चेन उघडली. आत अननसाच्या फोडींचे दोन मोठे डबे होते आणि टॉवेलमध्ये गुंडाळलेली एक लाकडी पेटी.

"डबे माझे," पक्कड हळूच म्हणाली. "वर गेल्यावर तुला चकित करणार होते. तुझ्या बॅगेत नेहमी जागा असते ना."

"आणि पेटी?"

मास्तरने मान खाली घातली. "बुद्धिबळ. संगमरवरी आहे."

"डोंगरावर दगड घेऊन आलास?"

"इथे दगडांची टंचाई आहे, ते बरं केलं," काका म्हणाले आणि आत गेले.

"अगं, कॉलेजमध्येसुद्धा प्रत्येक सहलीला तुझ्याच बॅगेत कोंबायचो," मास्तर म्हणाला. "डिकीत बॅग दिसली आणि हात आपोआप गेला. तुझ्या ऑपरेशनचं… मी विसरलोच."

"मीपण," पक्कड म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "डॉक्टर आहे मी. लाज वाटते."

मी त्या डब्यांकडे बघत बसले होते. दीड वर्षात माझं ऑपरेशन कोणी विसरलं नव्हतं. आई माझ्या हातातून भरलेली बादली काढून घ्यायची. कचेरीत फायलींचा गठ्ठा उचलला की तिघं धावत यायचे. मला हसू आलं आणि ते बराच वेळ थांबेना. दोघं घाबरून एकमेकांकडे बघत होते.

मग मी डबे आणि पेटी काट्याला टांगली. तीन किलो सातशे. एवढ्या ओझ्याने फार तर पाऊण तास जास्त लागेल. शंभर मिनिटांच्या उशिरातली उरलेली पंचावन्न मिनिटं माझीच होती. ती मी हिशेबातून सोडून दिली नाहीत. पण पंचावन्न मिनिटं म्हणजे खुर्ची नव्हे, एवढं मला कळत होतं.

"सकाळी किती वाजता निघायचं?" मी विचारलं.

एक डबा काकांनी आतून उघडून आणला, तो आम्ही तिथेच संपवला. सकाळी निघताना दुसरा मी माझ्या बॅगेत घातला.

"वेडी आहेस का? आण इकडे," पक्कड म्हणाली.

"तुझ्या बॅगेत जागा नाही."

पुस्तकात वरच्या टप्प्याला तीन तास दिले होते. आम्हाला तीन तास वीस मिनिटं लागली. त्यातली दहा तरी मास्तरच्या बुटाच्या नाडीत गेली. शिखरावर वारा एवढा होता की बसूनच बोलावं लागत होतं. चहूकडे डोंगरांच्या रांगा होत्या, निळ्या, मग फिक्या निळ्या. डबा उघडायचं साधन पक्कडने घरीच ठेवलं होतं.

"नावाची पक्कड तू," मास्तर म्हणाला आणि खिशातल्या चाकूने झाकणाशी झगडू लागला.

माथ्याच्या थोडं खाली, खडकाच्या भेगेतून पाण्याची बोटाएवढी धार येताना मी चढताना पाहिली होती. तिथे उतरले. नमुन्याची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळली, भरली, झाकण घट्ट केलं. चिठ्ठीवर पेन्सिलीने तारीख लिहिली, जागा लिहिली, वेळ लिहिली: दहा वाजून पन्नास. शेवटच्या ओळीत छापलेलं होतं, 'नमुना घेणाऱ्याचे नाव'. दीड वर्षं मी त्या ओळीत दुसऱ्यांची नावं वाचत होते.

"ए मिलिग्रॅम, फोडी संपत आल्या बरं का," वरून हाक आली.

मी नाव लिहिलं, बाटली बॅगेत उभी ठेवली आणि वर निघाले. बॅग अर्ध्या किलोने जड झाली होती.