चालू राहिलेला माईक

बाईंचा आवाज खणखणीत. पाचवीच्या वर्गात त्या बोलायला लागल्या की शेजारच्या वर्गातली मुलंही ताठ बसत. पण पहिल्याच बाकावरच्या बिट्टीपर्यंत तो आवाज धड पोचत नसे. तिला जन्मापासून कमी ऐकू यायचं. म्हणून यंदा शाळेनं बाईंना एक छोटासा माईक दिला होता. तो गळ्याशी चिमट्यानं लावायचा आणि बोलायचं, की शब्द थेट बिट्टीच्या कानातल्या यंत्रात. बटण दाबलं की हिरवा दिवा लागतो, पुन्हा दाबलं की विझतो. तो कसा वापरायचा हे दाखवायला आलेला माणूस दहा मिनिटांत चहा पिऊन गेलासुद्धा.

चार महिने झाले तरी बिट्टीची गाडी काही पुढे सरकेना. "काय म्हणालात, बाई?" हे पालुपद दिवसातून वीस वेळा. बाई परत सांगायच्या, मग आवाज चढवून सांगायच्या, मग "आत्ताच सांगितलं ना!" म्हणून फळ्याकडे वळायच्या.

त्या मंगळवारी मधल्या सुट्टीत बाई शिक्षकांच्या खोलीत आल्या, गळ्यातलं ओळखपत्र काढून टेबलावर टाकलं आणि डबा उघडता उघडता चित्रकलेच्या बाईंपुढे त्यांचा बांध फुटला.

"त्या बिट्टीपुढे मी हात टेकले गं. पालथ्या घड्यावर पाणी नुसतं! डोक्यातच शिरत नसेल तर यंत्र तरी काय करणार? तिच्या वडिलांनी तिला दुसऱ्या शाळेत घातलं ना, तर सुटले मी."

चित्रकलेच्या बाईंचा घास हातातच राहिला. त्या बाईंच्या गळ्याकडे बघत होत्या.

"अगं, तो दिवा..."

बाईंनी मान वाकवून बघितलं. दिवा हिरवा होता.

वर्ग भिंतीपलीकडेच होता. डबा तसाच टाकून त्या धावल्या. मुलं खात होती, खिदळत होती. बिट्टी मात्र डबा न उघडता बसली होती. दोन्ही यंत्रं कानातून काढून तिनं समोरच्या डबीत ठेवली होती.

"कान दुखतोय का?" बाईंनी हातानं खुणावून विचारलं.

तिनं एकदा बघितलं आणि नजर वळवून मान हलवली. नाही.

ऐकलं असेल? की यंत्रं आधीच काढली होती? बाईंचा जीव टांगणीला लागला. पुढच्या तासाला मुलं मैदानावर गेली. डबी बाकावरच होती. यंत्र चालतंय का हे रोज सकाळी तपासायची एक नळी बाईंकडे असे. त्यांनी माईक चित्रकलेच्या बाईंच्या हाती दिला, त्यांना पलीकडच्या खोलीत बसवलं आणि यंत्राला लावलेली नळी स्वतःच्या कानात घातली.

खुर्ची सरकली. घड्याळाची टिकटिक आली. मग कानाशी बसून बोलावं तसा आवाज, "येतंय का गं ऐकू?"

बाईंनी नळी काढली आणि यंत्र जपून परत डबीत ठेवलं.

"तू विषयच काढू नकोस," चित्रकलेच्या बाई नंतर म्हणाल्या. "पोर आहे, विसरून जाईल."

बाईंना ते पटवून घ्यावंसं फार वाटलं. पण चोराच्या मनात चांदणं. उरलेल्या तासांत मागच्या बाकावर दोन मुली कुजबुजल्या तरी त्यांना धसका बसत होता. शिपाई दारात आला तेव्हा मुख्याध्यापिकांनी बोलावलंय या भीतीनं त्यांच्या हातातला खडू मोडला. तो फक्त उद्या नळाला पाणी नाही हे सांगायला आला होता.

शाळा सुटल्यावर त्यांनी बिट्टीला थांबवलं. तिच्यासमोर गुडघ्यांवर बसल्या आणि डबी पुढे केली. खूप वेळानं तिनं यंत्रं कानात घातली.

"दुपारी मी बोलले ते ऐकलंस?"

"घड्याचं ऐकलं. सुटले म्हणालात, तेही." मग हळूच, "घडा पालथा म्हणजे काय?"

बाईंना ते समजावून सांगावं लागलं. बावीस वर्षांच्या नोकरीत एवढं अवघड त्यांनी काही शिकवलं नव्हतं.

"मी चुकले, बिट्टी. फार वाईट बोलले."

बिट्टीनं कानातलं यंत्र नीट बसवलं. मग म्हणाली, "पण ते स्पष्ट ऐकू आलं. रोज येत नाही."

"रोज कसं येतं?"

तिनं बाईंच्या गळ्यात आता परत लटकणारं ओळखपत्र उचललं आणि माईकवर घासलं. खर्र, टक, खर्र. "असं."

"अगं, मग सांगायचं नाहीस का?"

"सांगितलं होतं. तुम्ही फळ्याकडे वळलात."

तेवढ्यात बसचालकाच्या गणवेशात तिचे वडील आले. त्यांना पोरीकडून कळण्याआधी बाईंनीच सगळं सांगितलं, अगदी 'सुटले मी' सकट. आता हा माणूस ओरडणार, तक्रार करणार, आणि केलीच पाहिजे त्यानं, असं त्यांना वाटत होतं.

त्यांनी लेकीकडे बघितलं.

"मीही रोज रागावतो हिला घरी," ते म्हणाले. "यंत्र घालूनही लक्ष देत नाहीस म्हणून." मग लेकीचं दप्तर खांद्याला अडकवत म्हणाले, "उद्या यायचं की नाही, ते तीच ठरवेल, बाई. मी काही शब्द देत नाही."

दुसऱ्या दिवशी प्रार्थना संपली तरी पहिला बाक रिकामाच. हजेरी घेताना बाईंची नजर सारखी दाराकडे जात होती. पहिला तास अर्धा झाला तेव्हा बिट्टी आली, जागेवर बसली आणि बंद डबी समोर ठेवली.

बाईंनी ओळखपत्र काढून कपाटात टाकलं. फळ्यावर लिहून झालं की मुलांकडे वळायचं, मगच तोंड उघडायचं, असं त्या शिकवत राहिल्या. दोन तास डबी बंदच होती. तिसऱ्या तासाला ती उघडली. बिट्टीनं एकच यंत्र काढलं आणि डाव्या कानात घातलं.

दुसरं कानात जायला शुक्रवार उजाडला.