सोनेरी बाईचे अश्रू

सलग आठव्या रविवारी दुपारी आमच्या गावच्या हॉलात पाय ठेवायला जागा नव्हती. समोर अडीचशे वर्षांपूर्वीचा आरसा. चौकट सोनेरी मुलाम्याची, तळाशी मधोमध कोरलेला बाईचा मुखडा. शेजारी जांभळा मफलर गुंडाळलेले थ्रिप नावाचे गृहस्थ. आरसा म्हणे कुणा उमरावाच्या पत्नीचा, आणि दुखणेकऱ्यांसाठी ती अजून रडते. त्यांनी डोळे मिटले, काहीबाही पुटपुटले, काठीने चौकटीवर दोनदा ठोकलं. मुखड्याच्या डोळ्यांतून चांदीचे थेंब टपकले. एरवी शेजाऱ्याशी हवामानापलीकडे न बोलणारी आमची माणसं हुंदके देऊ लागली.

माझी शेजारीण मॉड पेटिफर बशी घेऊन रांगेत पहिली. तिची मुलगी हेस्टर खोकत होती. थ्रिपचा उपाय असा, की अश्रू बशीत घालून हीटरवर ठेवायचे आणि रात्रभर मुलीच्या उशाशी ती वाफ होऊ द्यायची. पहिल्या रविवारपासून मॉड हेच करत होती. आता पोरीचे हात थरथरत होते, हिरड्यांतून रक्त येत होतं. रोग बाहेर पडतोय, असं थ्रिपचं निदान.

ते ऐकून मी उठलो. चाळीस वर्षं अशाच चौकटींवर सोन्याचा वर्ख चढवत आलोय. आरसा मागून बघतो, म्हणालो.

"बाईसाहेबांना ते आवडणार नाही," थ्रिप म्हणाले.

"मग मी त्यांची माफी मागेन," म्हणालो आणि मागची फळी काढली.

त्या काळी काचेला मागून कथील आणि पारा लावत. वर्षानुवर्षं तो पारा सुटत राहतो आणि ओघळून तळाशी साचतो. या महाशयांनी तिथून मुखड्याच्या डोळ्यांपर्यंत भोकं पाडली होती. जुनं लाकूड काळपट, भोकांच्या कडा ताज्या पिवळ्या. आतला भुसा झाडायचेही कष्ट घेतले नव्हते. काठीचा हादरा बसला की पारा गळायचा.

"मग मी तिला काय देत होते?" मॉडने विचारलं.

"पाऱ्याची वाफ. विष आहे ते, मॉड. खिडक्या उघड आणि तिला आत्ताच्या आत्ता इस्पितळात ने."

हेस्टर वाचली. पेन मात्र अजून तिच्या हातात ठरत नाही.

आठ रविवार हॉल भरत होता. फळी काढा, असं एकानेही म्हटलं नाही. आमच्यात ते असभ्य दिसतं. तो थेंब पाऱ्याचा आहे, हे मी पहिल्याच रविवारी ओळखलं होतं. चारचौघांत कशाला बोला, म्हणून चहा पिऊन घरी गेलो. तुम्ही तसं करू नका. वाईट दिसलं तरी विचारा.