आबांच्या खांद्यावरचा हात

कळंबच्या शिवारात कालव्याचं पाणी आलं, पाण्यामागं ऊस आला आणि उसामागं कोल्हे आले. कोल्हा खातो थोडं, नासतो फार. गावात पीक राखायच्या परवान्याची बंदूक एकच, दत्तोबा आबांची, तीही ठासणीची. एक बार उडाला की दुसरा ठासेपर्यंत कोल्हा शेजारच्या वरकुट्याच्या वाटेला लागलेला असायचा.

म्हणून बंदुकीपेक्षा दिवा धरणारा मोठा. निदान दिवा धरणाऱ्या महिपतीचं तसं मत होतं. सायकलचा कार्बाइडचा दिवा पट्ट्यानं छातीवर बांधून तो आबांच्या मागं, जरा बाजूला उभा राहायचा, डावा हात त्यांच्या खांद्यावर. अंधारात डोळे चमकले की ते कुणाचे, हे त्यानं ओळखायचं. मांजराचे हिरवट, शेळीचे फिकट. कोल्ह्याचे निखाऱ्यासारखे, भुईलगत, मान वळली की विझणारे. खात्री झाली की खांदा दाबायचा, मग आबांनी चाप ओढायचा. चार वर्षांत सतरा कोल्हे पडले. गाव म्हणे, आबांनी मारले. महिपती मनात म्हणे, मी दाखवले. पण आबांवर त्याचा राग नव्हता. बंदूक त्यांची असेना, खांदा आपला आहे, एवढ्यावर गडी खूश होता.

त्या साली दिवाळी झाल्यावर आबांचा भाचा आला. मानसिंग त्याचं नाव, कोऱ्हाळ्याचा, नव्या साखर कारखान्यात कारकून. पायात बूट आणि हातात पाच सेलची बॅटरी. पारावर बसून त्यानं बटण दाबलं, तर उजेड थेट देवळाच्या कळसावर. रोज डोक्यावर असलेला कळस गावानं त्या संध्याकाळी तोंड उघडून पाहिला. आणि उठता उठता आबा महिपतीला म्हणाले, "आज मानसिंग येतोय संगं. तू जरा इसावा घे."

मागितला नव्हता तो विसावा महिपतीच्या घशाखाली उतरेना. भाकरीही उतरेना. त्याची बायको कुशाबाई चुलीपुढून बघत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाली, "म्हंजी तुमाला सवत आली म्हनायची."

"गप ऱ्हा," महिपती म्हणाला. पण शब्द बरोबर जागेवर बसला होता.

त्यानं राखेनं दिव्याची मागची, उजेड पुढं फेकणारी वाटी लखलखीत घासली, कार्बाइड भरला, पाणी भरलं. बेत साधा होता. बॅटरी ऐन वेळी मान टाकेल, नाहीतर तो कारकून शेळीलाच कोल्हा म्हणेल. मग आपण दिवा पेटवून पुढं व्हायचं आणि म्हणायचं, आबा, मी हाय. दिवा न पेटवताच छातीवर बांधून तो आबांच्या उसात बांधाकडेला दडून बसला.

दोघं आले. बॅटरी चालली, चांगली चालली. पण महिपतीचं लक्ष उजेडाकडं नव्हतंच. मानसिंगनं डावा हात मामाच्या खांद्यावर टाकला होता, खुंटीवर कोट टाकावा तसा. तो खांदा थंडीत दुखतो, त्यावर भार द्यायचा नसतो, बोटं नुसती टेकवायची असतात, हे त्याला कोण सांगणार? आबा तरी कसे काही बोलत नाहीत? नीट दिसावं म्हणून महिपतीनं दोन ऊस बाजूला सारले.

पाचट वाजलं. बॅटरी गर्रकन वळली आणि छातीवरची वाटी चमकली.

"मामा, डोळा!" मानसिंगनं खांदा दाबला.

नळी वर आली. ओरडावं तर उद्या गाव म्हणणार, हा मागोमाग गेला होता. न ओरडावं तर उद्या ते ऐकायला आपणच नाही. त्याचा हिशेब काही सुटेना.

आबांनी चाप ओढला नाही. "एकच हाय," ते म्हणाले. "अन् मानसाच्या छातीइतक्या उंचीवर. कोल्ह्याला दोन असत्यात, मानसिंग." मग नळी खाली करून म्हणाले, "महिपती, भाईर ये."

महिपती बाहेर आला. का आलास, असं आबांनी विचारलं नाही. आपल्यामुळं माणूस मेला असता, एवढंच मानसिंग दोनदा बोलला, बॅटरी महिपतीच्या हातात कोंबली आणि अंधारात ठेचकाळत घराकडं गेला.

महिपतीनं काडीपेटी काढली.

"ऱ्हाऊ दे तो," आबा म्हणाले. "हिनं लांबचं दिसतंय."

खांदा मिळाला. बोटं टेकली. घटकाभरानं पाण्याच्या चारीपलीकडं, कार्बाइडचा उजेड जन्मात पोचला नसता तिथं, दोन निखारे पेटले. त्यानं दाबलं, बार उडाला, अठरावा पडला.

सकाळी गाव कोल्हा बघायला लोटलं. बॅटरीनं मारला, असं जो तो म्हणत होता. आबांचंही नाव कुणी घेईना, मग महिपतीचं कोण घेणार? मानसिंग बॅटरी मामाकडं ठेवून कारखान्यावर निघून गेला. माणूस असता तर त्याची चार उणीदुणी काढता आली असती. पत्र्याच्या नळकांड्यावर जळायचं तरी कसं?

तरी महिपतीनं जमवलं. रोज संध्याकाळी आबांकडं जाऊन तो बटण दाबून बघायचा, आज तरी उजेड पिवळा पडलाय का. आणि शेजारचा रावजी एकदा, परसाकडं जाऊन येतो, म्हणत बॅटरी उचलून निघाला, तर त्याच्या हातातून ती काढून घेत महिपती म्हणाला, "सेल उतरत्यात. माझ्याबिगर कुनी हात लावायचा न्हाय."