मोहाखालची जागा

चौऱ्याऐंशी साली गडचिरोली जिल्हा नवा होता आणि आमच्या दवाखान्यातलं एक्स-रेचं यंत्र जुनं. म्हाताऱ्या सोमारीबाईच्या पोटाच्या फिल्मवर चिमुकली कवटी दिसली, तेव्हा मी स्वतःवरच खेकसलो. आदल्या दिवशीच्या गरोदर बाईची वापरलेली फिल्म पुन्हा भरलीत, गुणवंतराव! डोकं कुठं ठेवून आलात?

दुसरी काढली. ती धुवायला निघालो, तर म्हातारी माझ्यामागून अंधारखोलीत शिरली.

"मले पाहू दे, भाऊ."

नियम सांगायला तोंड उघडलं, पण तिचा चेहरा बघून मिटलं.

लाल दिव्याखाली, औषधाच्या पाण्यात फिल्म काळवंडत गेली आणि काळ्यात पांढरं उरू लागलं. आधी डोकं, मग मण्यांसारखा कणा, मग पोटाशी घेतलेले गुडघे.

"आलं," ती हळूच म्हणाली. "डोक्याकडूनच आलं."

मला खरंच वाटलं, आता ते रडेल.

डॉक्टरबाईंनी समजावलं. गर्भ पिशवीबाहेर वाढला, तिथंच गेला आणि शरीराने त्याच्यावर चुन्याचा थर चढवला. लाखात एखादीला होतं असं. तरुणपणी सोमारीला दिवस गेले होते, बाळ काही झालं नाही. ते आतच झोपलंय, असं ती जन्मभर सांगत राहिली आणि गाव तिला खुळी म्हणत राहिलं. सोबत आलेली धाकटी बहीण सुकरीसुद्धा.

"आता काढा त्याले," सोमारी म्हणाली. "आमच्यात तान्हं गेलं का मोहाखाली गाडतेत. झाडाचं दूध पेते ते. याले कधीची भूक लागली असन."

बाईंनी मान हलवली. सोमारीचं हृदय दुबळं होतं, ऑपरेशन झेपलं नसतं. निर्णय बरोबर होता आणि मला त्याचा भयंकर राग आला.

सोमारी बराच वेळ पोटावरून हात फिरवत राहिली. मग बहिणीला म्हणाली, "सुकरे, मी मेलो का मोठ्यांच्या जागी नोको नेऊ. मले मोहाखाली गाड."

"तिथी लेकरंच राह्यते, बाई. गाव काय म्हणन?"

सुकरीने फिल्म खिडकीच्या उजेडात धरली, कवटीवर बोट ठेवलं आणि मला विचारलं, "भाचा हाये का भाची?"

"हाडांवरून कळत नाही," मी म्हणालो.

तिने पदराने नाक पुसलं.

"गाडीन, बाई. कोनी आडवा आला तं सांगीन, माह्या बहिणीचं लेकरू गाडून राह्यलो."