आठ अक्षरांच्या आत

मंगळवारी दुपारी सव्वाबारा वाजता धारूरच्या बाजारातल्या टायपिंगच्या दुकानात ‘धर्मा’ नावाची फाइल उघडली. आत साखराबाईच्या ओव्या असायला हव्या होत्या. निघाले सुग्रीव आबा, वय साठ, कार्यसम्राट.

वर्षाराणीनं खुर्ची पुढं ओढली. “अजिनाथभाऊ, ही न्हाई. आमची उघडा.”

“हीच तुमची.”

“माझी चुलती कार्यसम्राट हाय का?”

अजिनाथ वीस वर्षांपासून एकाच कंप्युटरवर, एकाच जुन्या प्रोग्राममध्ये टाइप करत होता. त्या प्रोग्रामला काना-मात्रा धरून आठ अक्षरांपुढचं नाव झेपत नसे, आणि अजिनाथला ती अडचण न वाटता संस्कार वाटे. शेजारी नवा कंप्युटर होता. त्यात हवं तेवढं लांब नाव देता येई, म्हणून त्याच्यावर प्लास्टिक घालून ठेवलं होतं. एखाद्या गिऱ्हाइकानं लांब नाव सुचवलं की तो विचारी, “फाइल हाय का लग्नपत्रिका?” प्रत्येक कामाला तो गिऱ्हाइकाच्या गावाचं नाव देई, तेही छाटून. डोक्याला ताप नाही.

चुलती साखराबाई धर्मापुरीची. तिच्या घरच्या मेंढ्या चरायला धारूरच्या शिवारात बसल्या होत्या, तेव्हा ती आठवडाभर दुकानात येऊन स्टुलावर बसली आणि गात राहिली. अजिनाथ टाइप करत राहिला. त्या ओव्या घरात दुसऱ्या कुणाला येत नाहीत. वर्षाराणी फोनवर रेकॉर्ड करायला निघाली, तर त्यानंच अडवलं होतं. “फोन कशाला? कंप्युटरात जातंय की सगळं.” कागदावरही ओव्यांचं पुस्तक पुरं झाल्यावर एकदमच छापून काढायचं ठरलं होतं.

मग आबांचा गौरव अंक आला. आबाही धर्मापुरीचे.

“जुनी पुसू का, असं ते कंप्युटर विचारत न्हाई का?”

“विचारतंय की. रोजच विचारतंय,” अजिनाथ म्हणाला. “मी हो म्हणतो.”

“बॅकअप?”

“दर शुक्रवारी. पेन ड्राइव्हवर.” सकाळपासून तो पहिल्यांदा खूश दिसला. त्यानं पेन ड्राइव्ह लावला. त्यावरही ‘धर्मा’ होती. तिच्यातही आबा होते, तेवढेच कार्यसम्राट.

“लई मनाला लावून घेऊ नका, ताई. चुलतीला परत आणा, मी लगेच बसतो. या बारीला ‘धर्मा२’ ठिवू.”

वर्षाराणीला स्वतःला दोन ओव्या पाठ होत्या, तिसरी अर्धी. दुकानाबाहेर येऊन तिनं चुलतभावाला, सटवाला, फोन लावला. मेंढ्या घेऊन मायलेक पंधरवड्यापूर्वीच गोदाकाठाकडं उतरले होते. निघतानाच चुलतीला खोकला होता. चार शब्द बोलली तरी धाप लागत होती. फोन बंद.

संध्याकाळपर्यंत एवढंच कळलं, की रविवारी एका टेम्पोवाल्यानं सोनपेठच्या अलीकडं कळप पाहिला. पुढं एक गडी चालत होता. म्हातारी बरोबर होती का, हे त्याला सांगता आलं नाही.