वेरित्सा सुधारली

सर्बियातल्या चाचाकमध्ये गाडी शिकायची तर वेरित्साकडे, असं लोक म्हणत. ती कुणावर ओरडत नसे, आणि तिच्या बाजूला जो दुसरा ब्रेक होता त्यावरचा तिचा पाय कधी चुकला नव्हता. पण त्या वर्षी ऑक्टोबरात, भर दुपारी, शिकवता शिकवताच तिला डुलकी लागली. स्टीअरिंग होतं पोस्टातून निवृत्त झालेल्या नादाबाईंच्या हातात. गाडी लाल दिव्याला उभी होती म्हणून निभावलं.

"मी इतकी छान चालवते होय, की तुम्हाला झोप लागावी?" नादाबाई म्हणाल्या.

वेरित्सा हसली. घरी आल्यावर मात्र तिने बेलग्रेडच्या डॉक्टरांची वेळ घेतली.

ती छत्तीस वर्षांची होती. रक्तातली साखर मधुमेहाच्या काठावर आली होती, झोपेत श्वास अडकायचा, त्यामुळे दिवसा डोळे मिटायचे. पाळी मनाला येईल तेव्हा यायची. हनुवटीवरचे केस रोज सकाळी काढावे लागत. या सगळ्यामागे पीसीओएस आहे, हे तिला तिशीत कळलं. गोळ्या झाल्या, पाव आणि बटाटे बंद झाले, पोहणं झालं. दरवेळी वजन उतरलं आणि दरवेळी जास्तीचं घेऊन परत आलं.

डॉक्टरीणबाईंनी काही लपवलं नाही. "जठराचा बराचसा भाग काढून टाकतो. उरतं ते एका केळ्याएवढं. ही जादू नाही. पीसीओएस मुळापासून जात नाही, पण साखर, श्वास, पाळी यांत बऱ्याच जणींना फरक पडतो. खाणं जन्मभर थोडं, जीवनसत्त्वांच्या गोळ्या जन्मभर. धोका कमी आहे, पण आहे. सावकाश ठरवा." मग त्यांनी विचारलं, "वजन वाढायला लागलं कधी?"

"पंधराव्या वर्षी."

"तेव्हा कुणाला दाखवलं नाही?"

दाखवलं होतं. पाळी येईना म्हणून आई, स्टांका, तिला दवाखान्यात घेऊन गेली होती. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, अंगात आणखी काही बदल? आई अगदी कौतुकाने म्हणाली, "छे हो, उलट पोरगी चांगली सुधारलीय!" त्यांच्याकडे अंग भरलं की माणूस सुधारला म्हणतात. सुधारलेल्या माणसाला तपासायचं काय? डॉक्टरांनीही मान डोलावली, आणि दोघी मायलेकी वाटेत केक खाऊन घरी आल्या.

हे सांगताना वेरित्सालाच हसू फुटलं. डॉक्टरीणबाईही हसल्या. "माझी आजी मला अजून तसंच म्हणते," त्या म्हणाल्या.

त्या खुर्चीतच वेरित्साचं मन बरंचसं ठरलं. अडत होतं ते एकाच ठिकाणी. स्टांका दोन वर्षांपूर्वी पित्ताशयाच्या साध्या ऑपरेशनला गेली, ती परत आली नाही. आता वडिलांना, रादिसावला, ऑपरेशन हा शब्द सांगायचा कसा?

मित्रोव्दान आला. हा त्यांच्या घराण्याच्या संताचा दिवस. त्या दिवशी बोलावणं कुणालाच नसतं, लोक आपणहून येतात, आणि घरधनी बसत नाही, उभ्यानेच पाहुण्यांचं बघतो. रादिसाव राकियाची, म्हणजे फळांच्या दारूची, बाटली घेऊन उभा होता. त्याची बहीण मिलुंका दारातून आत आली आणि वेरित्साचे दोन्ही गाल धरून म्हणाली, "अगं बाई! किती सुधारलीस गं!"

"आत्या, मी सुधारलेली नाही. आजारी आहे," वेरित्सा म्हणाली. तिचा आवाज नेहमीचाच होता, गाडी शिकवतानाचा. "जठराचं ऑपरेशन करून घेणार आहे."



"खाणं कमी करायला सुरी कशाला लागते? तोंड मिटायचं!" आत्या म्हणाली, आणि बोलता बोलता तिने वेरित्साच्या ताटात कोबीच्या पानात गुंडाळलेल्या खिम्याच्या दोन सार्मा वाढल्या.

"मिटते. मग या कुठून घालू?"

सगळे हसले. आत्याही हसली. रादिसाव हसला नाही. बाटली ठेवून तो स्वयंपाकघरात गेला. वेरित्सा मागोमाग गेली.

"माणसांदेखत सांगतेस मला? आजच्या दिवशी?"

"एकट्याला सांगितलं असतं तर तुम्ही उठून अंगणात गेला असता. आज तुम्हाला घर सोडता येत नाही."

तो नळाखाली पेले विसळू लागला. धुतलेलेच पेले होते.

"तुझी आई तिथे स्वतःच्या पायांनी चालत गेली होती."

"माहीत आहे. मीच सोडलं होतं तिला."

"तुला काही झालं तर?"

"होऊ शकतं, बाबा. डॉक्टरांना मी तेच आधी विचारलं. पण नाही केलं तरी होतंच आहे. मला गाडीत झोप लागते. समोरून शाळेची पोरं जात असतात. मला भीती नाही असं नाही, पण माझं ठरलंय. तुम्ही हो म्हणालात तर बरं वाटेल. नाही म्हणालात तरी मी जाणार."

बाहेरून मिलुंका ओरडली, "रादिसाव! इथे पेले रिकामे आहेत!"

त्याने नळ बंद केला. मग हात पुसले.

"मी हॉस्पिटलच्या दारातून आत येणार नाही, वेरा. मला नाही जमायचं."

"आत नका येऊ. समोर छोटी बाग आहे, एक बाकडं आहे. मी बघून आलेय."

"उन्हात आहे का सावलीत?"

"सकाळी ऊन असतं."

"बरं," रादिसाव म्हणाला, आणि पेले उचलून पाहुण्यांकडे गेला.